अनोळखी नंबर उचलत नाही

अनोळखी नंबर मी उचलत नाही. माझ्याकडे तत्त्वं अशी दोन-तीनच, त्यातलं हे एक, म्हणून जपून वापरतो. खामगावात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांपेक्षा विमा विकणारेच माझी जास्त आठवण काढतात.

त्या पावसाळ्यात उत्तराखंडात डोंगराचा एक कडा नदीत उतरला. माझा शाळेपासूनचा मित्र त्याच खोऱ्यात धरणाच्या कामावर सर्व्हेअर होता. त्याचा फोन बंद. टीव्हीवर एकच हॉटेल दर पाच मिनिटांनी नव्यानं कोसळत होतं आणि निवेदक दर वेळी तेवढ्याच उत्साहानं 'आत्ताची मोठी बातमी' म्हणत होता. दोन दिवस मी दुकानात बसून ते हॉटेल पाहिलं. गिऱ्हाइकांना चष्म्याचे चुकीचे नंबर लावून पाठवले असतील, देव जाणे. मला नुसता तो चिखल दिसत होता, आणि त्यात हा.

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथं सूर्योदय आणि गुलाबाची फुलं येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी एकानं मित्राचं नाव लिहून पुढे 'कळत नाही काय झालं' एवढंच टाकलं. तेवढं पुरे होतं. खाली लगेच कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' चिकटवलं आणि मग मागे कोण राहणार? संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी हात जोडले. ज्यानं शाळेत त्याचा डबा रोज खाल्ला त्यानं 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असंही लिहिलं. आमच्याकडे माणूस जायचा अवकाश, चौकात फ्लेक्स लागतो. इथं तर जायचीही वाट पाहिली नाही. वर्गातल्या फ्लेक्सवाल्यानं मला वेगळा मेसेज केला, "एखादा चांगला फोटो पाठोन ठेव. हेल्मेटबिगर."

मला भयंकर राग आला. त्याला शिव्या लिहिल्या, खोडल्या, आणि मग मी मुकाट्यानं फोटो शोधायला लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण मी शोधला. एक बरा सापडलाही. माझ्या दुकानासमोर पेढा धरून उभा, कानापासून कानापर्यंत हसू. त्याला नोकरी लागली त्या दिवशीचा. त्याच्याकडे तेव्हा मोबाईल नव्हता. नोकरीच्या प्रत्येक अर्जावर त्यानं माझाच नंबर भरला होता आणि वर्षभर कुठलाही नंबर वाजला की मी पहिल्या रिंगला उचलत होतो. फोटो पाठवला नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं नांदुऱ्याला त्याच्या आईकडे निघालो. तिला धीर द्यायला, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला एकट्याला बसवत नव्हतं. वाटेत फोन वाजला, अनोळखी नंबर. कापला. थोड्या वेळानं दुसराच नंबर. कापला. स्टँडवर उतरतो तर तिसरा. तिकडे माणसं वाहून चाललीत आणि यांना पॉलिसी सुचतेय, असं मी शेजारच्या प्रवाशाला ऐकवलं. त्यानंही मान डोलावली. आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं.

मावशी, म्हणजे त्याची आई, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली बसून सुपात तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. मला पाहून उठली, चहा ठेवला आणि म्हणाली, "बस बाबा. तोंड पाह्य कसं झालं तुहं." मीच धीर घेत बसलो. ती रडली नाही. डाळ मात्र निवडलेलीच पुन्हा निवडत होती.

फोन वाजला. आणखी एक नवा नंबर.

"कोन हाये?" तिनं विचारलं.

"कोनी नाही मावशी. इमावाले. सकाळपासून डोस्कं खाऊन राह्यले."

"मंग उचल ना. मानूसच हाये तोही."

तिच्यासमोर कसा कापणार? उचलला आणि ओरडलो, "नको म्हनलं ना!"

"काय नको बे?"

आवाज बसलेला होता, पण त्याचाच. तो सांगत सुटला. "मोबाईल गेला वाहून. चौघाइचे फोन मांगून लावले, तू कापूनच राह्यला."

"मंग मावशीले काऊन नाही लावला?"

"कोनाचाच नंबर पाठ नाही बे. तुहाच तेवढा हाये. अर्जावर लिहू लिहू पाठ झाला."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं आधी जेवलास का विचारलं, मग कुठं लागलं का ते विचारलं, मग बराच वेळ नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिली.

तिच्या फोनमध्ये गावातल्याच एका वर्गमित्राचा नंबर होता, त्याला मी कळवलं. म्हणे, त्याच अकरा जणांनी तेच जोडलेले हात पुन्हा टाकले. फ्लेक्सवाला म्हणाला, मग वाढदिवसाचा करू.

मावशीनं माझा फोन पदरानं पुसून मला परत दिला आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

"ट्रकवाल्याचा फोन व्हता म्हने. तो निंगालाच व्हता. त्याच्यानंतर फोन मांगाले तिथं कोनी नव्हतं." ती एवढंच बोलली. कोणी फोन कापले ते तिनं विचारलं नाही.

मी सुपात हात घातला. डाळीत एकही खडा नव्हता, तरी मी निवडत बसलो, आणि तिच्यासमोरच मला रडू आलं.