दामिनीले आम्ही कोंडलं

एकोडी गावात धान रोवण्याची आमची बारा बायांची टोळी. मी सुशीला, टोळीची म्होरकी. जीभ माही तिखट, साऱ्या भेतात मले. पन त्या दिवसापासून मीच भेऊन राहिली.

दामिनीले बाळंत होऊन सोळाच दिवस झाले होते. सव्वा महिना खाटेवरून उठू नये, पन खाईन काय? नवरा कैलाश पाय मोडून घरी पडला. बाळंतपनाचे सरकारी पैसे आधार जुळत नाई म्हनून अडकले. माह्या दारात आली, “काकू, मले घ्या ना रोवण्याले.”

“अवो, येडी झाली का? घरी बस.”

“घरी बसून चूल पेटत नाई, काकू.”

टोळीत एक बाई कमीच होती, घेतली मंग. कायले घेतली, बापा!

धानाच्या बांधीत रोवताना आमची एक मस्करी असते. जी मागं पडली, तिच्या भवताल भराभर रोवून टाकाचं. मंग रोवा, म्हंजे नुकतंच लावलेलं धान, तुडवल्याबिगर तिले बाहेर निघता येत नाई. तिसऱ्या दिवशी दामिनी मागं पडली. “कोंडा वो तिले!” मीच ओरडली. साऱ्या खिदळून राहिल्या. ती मधात उभी होती, मंग चिखलातच बसली. मले वाटलं, रुसली. “नखरे नको करू, ऊठ!” म्हनलं. उठली नाई. बांधीच्या कडेले, धुऱ्यावर, तिची सासू गोदावरीबाई नातवाले घेऊन बसली होती. ती किंचाळली, “अवो, पानी लाल झालं!”

देवा रे! रोवा तुडवतच धावली. पोरीचे ओठ पांढरेफटक. “हाक काहून नाई मारली वो?” म्हनलं.

“बाहेर निघाली असती तं रोवा तुडवला असता. मालक बोलला असता.”

दवाखान्याच्या गाडीले फोन लावला. पाऊण तास लागन म्हने. तिचं डोकं माह्या मांडीवर, तिचं लुगडं रक्तानं भिजून गेलं. “मरू नको वो माय,” एवढंच म्हनत होती मी. धुऱ्यावरून मालक ओरडला, “सुशीलाबाई, उद्या बारा बाया नसल्या, तं मी दुसरी टोळी आनतो.” अकरा घरच्या चुली दिसल्या मले. तिथंच, तिचं डोकं मांडीवर असताना, गावातल्याच राखीले फोन केला, “उद्या दामिनीच्या जागी ये.”

साकोलीच्या दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं. वाचली. दामिनीनं डोळे उघडले, माहा हात धरला. मले वाटलं, लेकराचं विचारन.

“काकू, माही जागा कोनाले देऊ नका. चार दिवसांत येते मी.”

“कोनालेच नाई देत,” म्हनलं. राखी तं सकाळीच येनार होती. मीच बोलावलं होतं तिले.