भाताकडची सर्व्हिस

मी शाळेत खेळाची बाई. आमचं ग्राउंड वेल्ह्याकडच्या खोऱ्यात. एका अंगाला शाळेची इमारत, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. तालुक्याच्या व्हॉलीबॉल सामन्यांसाठी मुलींच्या संघाची यादी शुक्रवारी द्यायची होती, आणि माझ्या पोरींची सर्व्हिस काही केल्या नेट ओलांडत नव्हती.

म्हणून मी एक खेळ काढला. नेटपलीकडे चार घमेली ठेवली. घमेल्यात चेंडू पडला की बाकीच्यांनी बेडूकउड्या मारायच्या. नेटात अडकला की मारणारीनं उखाणा घ्यायचा, नवऱ्याच्या जागी भाजीचं नाव घालून. पोरींची हसून हसून मुरकुंडी वळायची. नववीतली एक उंच पोर तर इतक्यांदा नेटात अडकली, की तिच्या भाज्या संपल्या आणि ती डाळींवर आली.

मला मात्र हसू येईना. तिचे वडील मला तोंडावर सांगून गेले होते, "बाई, यंदा यादीत आली तर खेळू दे. न्हाईतर शाळा सुटली की पोरगी सरळ घरी." उंची होती, उडी होती, नजर होती, सर्व्हिस तेवढी नव्हती. मंगळवारी माझं डोकंच फिरलं. "हातात जीव नाही का गं? जेवून येतेस की नुसती हवा खाऊन?" तिनं मान खाली घालून पुढचा चेंडू उचलला. माझं तोंड असं, एकदा सुटलं की आवरत नाही.

थोड्या वेळानं ऊन डोळ्यांवर यायला लागलं म्हणून मी बाजू बदलल्या. आता पोरींची तोंडं शाळेकडं. तिनं हात उचलला आणि चेंडू नेटवरून, मागच्या लाइनीवरून थेट शाळेच्या पत्र्यावर धाडकन आदळला!

"अगं, मग तिकडं मारताना काय होतं तुला?"

"बाई, तिकडं भात हाय. लोंब्या भरत्यात. बॉल पडला तर झडतील न्हाई का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लावणीला चिखलात वाकलेल्या पोरी या. पिकाला धक्का लावायचा नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. हात आखडत होता तो त्या भातासाठी, आणि मी तिचं जेवण काढत बसले होते.

ग्राउंडलगतचं खाचर तिच्याच घरचं. संध्याकाळी मी वडिलांना बांधावर गाठलं आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आयला, असं हाय व्हय!" एवढंच म्हणाले.

बुधवारी सराव सुरू झाला तेव्हा ते विळा घेऊन बांधावर हजर. "मार गं हिकडं," त्यांनी हाक दिली.

पोरीनं मारली. चेंडू नेटवरून, लाइनीवरून, त्यांच्याही डोक्यावरून पार खाचरात. आउट! तरी मी टाळ्या पिटल्या. ते हातानं धाटं बाजूला सारत आत गेले, चेंडू शोधून आणला आणि माझ्याकडं न देता तिच्याकडं फेकला.

"बाई, आता ह्यो आत पाडायला किती दिस लागत्याल?"

"दोन दिवस बास झाले."

त्यांनी मान डोलावली, खाली बसले आणि ग्राउंडच्या कडेचं भात कापायला लागले.

"आप्पा, हिरवं हाय ते अजून!" पोरगी ओरडली.

"म्हशीला हिरवंच गोड लागतं," मान वर न करता ते म्हणाले. "तू मार."