मालतीच्या उंबऱ्यापर्यंतचं ऊन

लग्न होऊन मालती सिल्वासात आली, तेव्हा खोलीत पाऊल टाकताच तिनं विचारलं होतं, "ऊन कुठून येतं?"

सुकदेवनं, म्हणजे नवऱ्यानं, बल्बचं बटण दाबून दाखवलं होतं.

तिचं माहेर अमळनेरकडचं. तिथं उन्हाळ्यात बाया अंगणात खाट टाकत, तिच्यावर जुनं लुगडं अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालत, आणि छोटी मालती काठी घेऊन कावळे हाकत बसे. इथं सिल्वासातल्या डोकमर्डीत तिनं कितीतरी खोल्या बदलल्या, पण अंगण कुठलीलाच नव्हतं. गेल्या दिवाळीत घेतलेल्या या खोलीचं तोंड उत्तरेला, पुढ्यात चाळमालक शेठची दुसरी चाळ, आणि गच्चीला कुलूप. बिबडे ती दरवर्षी घालायचीच. पंख्याखाली वाळवायची. भाजून ताटात वाढले की स्वतःच म्हणायची, "कुबट लागून राहिले." सुकदेव सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीतून दमून आलेला असायचा, मुकाट खायचा.

मुलगी सोनी वापीपलीकडच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होती. राहतं घर कंप्युटरवर उभं करा आणि त्यात ऊन कसं फिरतं ते बघा, असं सरांनी सांगितलं होतं. सोनीचा लॅपटॉप सेकंडहँड, मॉडेल उघडलं की धापा टाकायचा. कॉलेजच्या लॅबमधली चांगली मशीनं मोजकी, त्यांना रांग. नंबर लागला त्या दिवशी ती जवळजवळ धावतच घरी आली.

"मम्मी, आपल्या घरात ऊन येणार!"

"गंमत करून राहिली का वं?"

"शप्पथ! मेच्या शेवटाला सूर्य उत्तरेकडे सरकतो ना, तेव्हा. संध्याकाळी. समोरची चाळ संपते तिथून तिरपं आत, पार गॅसपर्यंत."

मालतीनं गॅसकडं पाहिलं. मग उंबऱ्याकडं. त्या वर्षी तिनं पंख्याखाली बिबडे घातलेच नाहीत. मेची अखेर यायची वाट पाहिली.

ज्वारी भिजवली, आंबवली, दळली, शिजवली. ठरल्या दिवशी दुपारपासून उंबऱ्याच्या आत खाट टाकून त्यावर बिबडे थापले. शेजारची तानूबाई दारात येऊन उभी राहिली.

"काय गं सोनीची मम्मी, कोण पाहुणा येतोय?"

"सूर्य."

"बाई बाई! मग चहा ठेव. साखर जास्त घाल, लांबून येतोय."

"तू हस. संध्याकाळी माझ्याच दारात येशील बिबडे मागायला."

संध्याकाळ झाली. समोरच्या चाळीची पाण्याची टाकी सोनेरी झाली, मग गच्चीचा कठडा. मालती खाटेपाशी उकिडवी बसून होती. कठड्यावरचं ऊन तांबूस झालं, विटलं, गेलं. खाली काही आलंच नाही.

सोनी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि मान वर करून उभी राहिली. तिथं मावळतीच्या बाजूला नव्या बिल्डिंगचे स्लॅब एकावर एक चढले होते. त्याच बिल्डिंगखालून ती रोज रिक्षा पकडायची.

परत आली ती मान खाली घालूनच. "मम्मी, मी लॅबमध्ये बसून नकाशातल्या सॅटेलाइट फोटोवरून सगळं काढलं. फोटो जुना होता गं. त्यात तिथं मोकळं मैदान होतं. ती बिल्डिंग माझ्या लक्षातच आली नाही."

मालती एका बिबड्याची कड बोटानं सारखी करत राहिली.

"त्या फोटोत ऊन येत होतं ना पण?"

"हो."

"दाखव."

सोनीनं लॅपटॉप उघडला. तो घरघरला, अडकला, पांढरा पडला. मग हळूहळू चाळ उभी राहिली, दार उघडलं, आणि पिवळी पट्टी धक्के खात खात उंबरा ओलांडून आत आली. मालती पुढं सरकली.

"थांबव. इथंच राहू दे."

"तापलाय गं. बंद पडेल."

"पडेल तेव्हा पडेल." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "आपली खाट कुठंय यात?"

"खाट नाही काढली."

"काढ मग."

सोनीनं एक साधी चौकट काढून उन्हात ठेवली. मालती बराच वेळ पाहत राहिली.

"थोडी आत घे," ती म्हणाली. "कावळे हाकायला बसायचं म्हणजे दाराशी जागा लागते."