पहिल्या पणतीचा भाव

नरहरअण्णांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पण होर्मुझच्या सामुद्रधुनीत तेलाची जहाजं अडली की इथे काशीत त्यांचा जीव खालीवर व्हायचा. विशीत नागपूरहून आले, रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात लागले आणि नव्या इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगण्यात सगळी नोकरी घालवली. ते निवृत्त झाले आणि कारखानाही विजेच्या इंजिनांकडे वळला. मग अण्णांना कुणी काही विचारीनासं झालं. हे त्यांना फार लागलं. रिकामा माणूस भजनाला लागतो, अण्णा कच्च्या तेलाच्या भावाला लागले.

आणि लागले ते असे, की बोलायची सोय नाही! घरात दूध तापायच्या आत चीननं किती तेल उचललं, युरोपात थंडी किती, तेलवाल्या देशांची बैठक कधी, सगळं पाठ. भोसले घाटावर श्रीरामच्या चहाच्या टपरीशी नावाडी त्यांची वाटच बघत असत. "का अण्णा, तेल कहाँ जाई?" झालं, अण्णांची कळी खुलायची. नावाड्यांच्या नावा केव्हाच डिझेल सोडून गॅसवर गेल्या होत्या, तरी विचारायचे. ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही त्याची चिंता आधी, हा बनारसचा कायदाच आहे.

विचारायचा नाही तो फक्त सुमंत, त्यांचा मुलगा. बँकेत अधिकारी, हिशेबी माणूस.

"अण्णा, हा सगळा तुक्का आहे," तो एकदा जेवताना म्हणाला. "लागला की तुम्ही गल्लीभर सांगता. हुकला की भूलून जाता."

अण्णा ताटावरून उठायचेच बाकी राहिले. "मग लाव शर्त! देवदिवाळीला पिंपाचा भाव सत्तर डॉलरच्या खाली!"

"आणि नाही आला तर?"

"तर पुन्हा तेलाचं नाव काढणार नाही. कध्धी नाही."

सून कालिंदीनं कपाळाला हात लावला. "अण्णा, थोडी जागा ठेवा की. पंचाहत्तर म्हणा." पण अण्णा कसले ऐकतात! बोलले ते बोलले. नेमका कोणत्या घडीचा भाव धरायचा यावर बापलेकांची पुन्हा जुंपली, तेव्हा तिनंच तोड काढली. संध्याकाळी घाटावर ती घरची पहिली पणती लावेल, त्या क्षणीचा.

कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी आली. घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. विलायतेतला बाजार त्या वेळी उघडा असतो, त्यामुळे सुमंतच्या फोनवर आकडा सारखा हलत होता आणि श्रीरामसकट सगळे नावाडी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"सत्तर चाळीस!" सुमंत म्हणाला. "सत्तर पंचवीस!"

"हर हर महादेव!" मागून एकच गलका झाला. अण्णा मात्र श्रीरामच्या टपरीकडे बघत होते. हरलो तर उद्या त्या टपरीवर काय म्हणून बसायचं?

कालिंदीनं काडी ओढली. विझली. दुसरी ओढण्याआधी ती वात पिळत बसली.

"सत्तर पंधरा!"

शेजारच्या घाटांवर दिवे लागत चालले होते. तिनं दुसरी काडी ओढली, ती पेटली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं हळूच फुंकर मारली. अण्णांचं लक्ष होतं. पोरी, आणखी थोडा उशीर लाव, असं त्यांच्या अगदी मनात आलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"सूनबाई, लाव."

"अण्णा, वात जरा…"

"वात ठीक आहे. लाव तू."

पणती लागली. सुमंतनं आकडा वाचला. "सत्तर सहा."

"अरे अण्णा, छह पैसा कौन गिनता है!" श्रीराम कळवळून म्हणाला.

"मी गिनतो," अण्णा म्हणाले आणि पायरीवर बसले. साऱ्या घाटांवर दिवे उजळले होते आणि त्यांना धड दिसत नव्हते, डोळे भरले होते. आता सकाळी उठायचं तरी कशासाठी?

सुमंत जिंकला होता. फोन खिशात टाकायला हरकत नव्हती. पण त्याची नजर काही त्यावरून हलेना. एकाएकी तो ओरडला, "अण्णा! एकोणसत्तर नव्वद! अहो, घसरतंय! एकोणसत्तर सत्तर! आता कुठवर जाईल हो हे?"

अण्णांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. शब्द दिला होता.

"अहो, मी विचारतोय ना!" सुमंत चिडला. गर्दीतून वाट काढून तो त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि फोन दोघांच्या मधे धरला. "सांगा की, अण्णा."

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पोराच्या अंगाला अंग लावून सरकले आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"आधी तू सांग," ते म्हणाले.