मधाची बाटली

आमच्याकडे दर श्रावणात बोडण असतं. परातीत देवी ठेवायची, पुरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध घालायचा आणि चार सवाष्णी व एका कुमारिकेने ते हातांनी कालवायचं. कुमारिकेला विचारायचं, काय हवं? ती मागेल ते परातीत ओतायचं. तेवढा वेळ दार बंद. बाहेरच्या कोणी बघायचं नाही.

माझ्या पुतणीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तेव्हा निजामपुऱ्यातल्या आमच्या घरातून सगळ्यात आधी हो म्हणणारी मीच होते. जावई मकरपुऱ्यातल्या कारखान्यात इंजिनियर, बोलायला गोड. ती दोघं शहरातच, तरसालीला राहतात. नाताळचा केक आला की मी अंड्याची चौकशी न करता खाते. तीस वर्षं शाळेत सर्वधर्मसमभावाचे निबंध तपासले, त्याचा थोडा ताठाही होता.

त्यांची मुलगी सहा वर्षांची असताना श्रावणात आमच्याकडे राहायला आली होती. सकाळपासून माझ्यामागे फिरत होती. परात घासताना पाहिली आणि म्हणाली, "आजी, कुमारिका मी ना?" घरात दुसरी मुलगी नव्हतीच, तिला वाटणं साहजिक होतं. मी मात्र शेजारच्या मुलीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मला कोणी अडवलं नव्हतं. सासूबाई असत्या तर त्यांच्यावर ढकलता आलं असतं. देवीला चालेल का, एवढी एक शंका मनात आली आणि मी पोरीला म्हटलं, "तुला खोकला आहे ना, राणी. खोकला असला की बसत नाहीत."

तिला खोकला नव्हता. तिने एकदा खोकून पाहिलं आणि मुकाट्याने बाहेरच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसली. आत शेजारची मुलगी "तूप, तूप" म्हणत होती आणि आम्ही बायका हसत होतो. दार उघडल्यावर हिने विचारलं, "तिने काय मागितलं?"

"तूप."

"मी मध मागितला असता," ती म्हणाली.

पुढच्या श्रावणाआधी तिचा फोन आला. "आजी, आठ दिवस आइस्क्रीम नाही खाल्लं. खोकला एकदम मटला, आता अजिबात नाही. येऊ?" मागून पुतणीचा आवाज ऐकू येत होता, ती फोन ठेव म्हणत होती. तेव्हा तरी मी ये म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, शेजारच्या मुलीला आधीच सांगितलंय गं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. यायची, नमस्कार करायची, दिवाळीचा फराळ आवडीने खायची. बोडणाच्या दिवशी मात्र मायलेकींना नेमकं दुसरं काम निघायचं. मला ते कळत होतं आणि सोयीचंही होतं. त्याची आता लाज वाटते.

गेल्या श्रावणात शेजारचं कुटुंब घर सोडून गेलेलं. कुमारिका मिळेना. सूनबाई म्हणाली, "आई, आपल्याच घरात मुलगी आहे की." मीही तेच म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर अडल्याशिवाय म्हटलं नसतं. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "आणते, काकू. पण बसायचं की नाही ते तिलाच विचार."

मी मधाची मोठी बाटली आणली. परातीशेजारी, तिचा हात पोचेल अशी ठेवली. पाटाभोवती रांगोळी काढली. मुलगी आली, आता अकरा वर्षांची, उंच झालेली. चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या खोलीत त्याच खुर्चीवर बसली.

"अगं, हात धुऊन आत ये," मी म्हटलं. "आज तू कुमारिका."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी शांतपणे.

"मला खोकला आहे, आजी," ती म्हणाली. "तुम्ही दार लावून घ्या."

मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, पण ते तिला केव्हाच कळलेलं होतं. तिच्या आईने मान खाली घातली. आतून सूनबाई हाक मारत होती, पुरण गार होत होतं. शेवटी मी दार लावलं.

त्या दिवशी बोडण आम्ही चौघींनीच कालवलं. काय हवं, असं विचारायला समोर कोणी नव्हतं. मधाची बाटली मी उघडलीच नाही.