सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा केर

घरातलं कुणी प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही, असा माझ्या सासूबाईंचा नियम होता. मी त्यांना आत्या म्हणायचे. पुण्याला गेलेला माणूस दुपारी पोचायचा, मुंबईला गेलेला संध्याकाळी. तेवढा केर मी चालवून घ्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी धाकटे दीर कंपनीच्या कामाला सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. शुक्रवारी दुपारी जीप माळशेजच्या रस्त्याला लागली. निरोपाला निम्मं पिंपरी पेंढार गाव येऊन गेलं होतं. घरभर चिवडा सांडलेला, त्यात बियाण्यासाठी फोडलेल्या शेंगांची टरफलं. आणि रविवारी सकाळी ओतूरचे पाहुणे नणंदेला बघायला यायचे होते. आधीची दोन स्थळं फिरली होती. हे तिला मनापासून हवं होतं.

मी नवऱ्याला हिशेब करायला बसवलं. साडेतेरा हजार किलोमीटर. रात्री एकचं विमान, नऊ तासांनी फ्रँकफर्ट, तिथं थांबा, पुढं आणखी अकरा तास. म्हणजे शनिवारची मध्यरात्र.

"आत्या, फ्रँकफर्टला उतरले की पोचलेच म्हणायचं ना?"

"एसटी मुरबाडला चहाला थांबती. म्हंजी मुंबई आली व्हय?"



रविवार उजाडला तरी फोन नाही. हातानं वेचायला बंदी नव्हती, म्हणून मी ओणवी होऊन टरफलं गोळा करू लागले. नवी साडी सावरत नणंदही खाली बसली.

"वहिनी, त्यांनी विचारलं तर?"

"सांगू, भाऊ अजून आभाळात आहे."

ओंजळभर वेचून होतंय तोवर पाहुणे दारात आले. मुलाच्या आईचा पाय पहिल्याच पावलाला टरफलांवर पडला. कर्रकन आवाज झाला. त्यांनी खाली पाहिलं, मग आमच्याकडे.

आत्या सरळ म्हणाल्या, "धाकटा अमेरिकेला गेलाय. पोचल्याचा फोन न्हाई अजून."

"मग ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "आमी बी न्हाई काढत. थोरला सौदीला गेला तवा घरात लई मुंग्या झाल्या व्हत्या."

एव्हाना दाराआड पळालेली नणंद हसली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. माझा जीव भांड्यात पडला.

पोहे संपत आले तेव्हा फोन वाजला. दीर सुखरूप होते. फोनचं कार्ड मिळेपर्यंत तिकडची रात्र झाली होती. आत्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास का?" मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळल्या, "काढ गं केर."

मी पाहुण्यांसमोरच केरसुणी घेतली. मुलाच्या आईनं पाय वर घेतले आणि लेकाला म्हणाल्या, "ऊठ रं. तुझ्या खुर्चीखालीच लई हाय."