लेक कोणावर गेली

माझी लेक तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, तेव्हा घरात एकच विषय सुरू झाला: हे आलं कुठून? सासूबाईंचं उत्तर तयार होतं. पोटुशी असताना मी ग्रहणात मासोळी चिरली होती. गोंडपिपरीकडच्या माझ्या माहेराहून आमच्या तलावाची ताजी मासोळी आली होती, ठेवली असती तर सडली असती. "सांगत होती ना मी, विळीले हात लावू नको म्हणून!" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की मला विळीचाच राग यायला लागला.

आमच्या ह्यांचं वेगळंच. हे घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला. घरही तिथंच; सकाळी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काळपट, ताटातल्या भातावरही काळी पूड. "ह्या धुळीनंच केलं सारं. तिले काही दिवस तुह्या मायकडं ठेवू. तिकडची हवा चांगली हाये." मला पटलं. कोणीतरी दोषी हवंच होतं, आणि धूळ काही उलटून बोलत नव्हती.

लेक मायकडं गेली आणि घर खायला उठलं. दर रविवारी मी एस.टी.नं तिला भेटायला जायची. बाकीचे दिवस तिचं झबलं उशाशी घेऊन झोपायची. हसा हवं तर.

माहेरी आत्या होती, बापाची थोरली बहीण. लग्न झालं नाही, जन्मभर मोजकेच शब्द बोलली; माझ्या आजीला, म्हणजे स्वतःच्या आईलाही, तिनं कधी माय म्हणून हाक मारली नाही. "तिचा सोभावच तसा," म्हणून गावानं विषय मिटवलेला. ती उंबऱ्याशी बसून वाळलेले झिंगे निवडायची, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. एका रविवारी बघते तर काय, माझी लेक तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली आणि तेच करत होती. मी कवेत घेतलं की अंग चोरणारी पोरगी ही! दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या, आणि दोघी अगदी खुशीत होत्या.

माय हसत म्हणाली, "पाह्य, तुही लेक आत्यावर गेली."

मी भडकले. "मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? आत्याले कोनती बिमारी हाये?"

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. घरात आणखी कोणी असं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आत्याचं सांगितलं. ते म्हणाले, काही रक्तातून येतं, काही बाहेरूनही भर पडत असावी, धूर-धुळीवरही अभ्यास चालू आहे. पण तुमच्या लेकीच्या बाबतीत एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही.

"आणि ग्रहणात मासोळी चिरली तर?"

"त्यानं काही होत नाही, बाई. आणि लेकीला आपल्याजवळ ठेवा."

मी तिथंच खुर्चीवर ढसाढसा रडले.

लेकीला घरी आणलं. ती उंबऱ्याशी बसायची, शेजारी एक जागा सोडून. मी तिथं बसले की हातानं मला हळूच बाजूला सारायची. रोज. बाई गं, तेव्हा आत काय व्हायचं ते कोणाला सांगू! शेवटी मी मायला निरोप धाडला, आत्याला इकडे पाठव. आत्या आली नाही. गावाची वेस तिनं कधी ओलांडलीच नव्हती, आणि त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली.

आता लेक मोठी झाली आहे. थोडे शब्द बोलते: पाणी, भात, चल. आई हा शब्द अजून आलेला नाही. आत्याची मला फार आठवण येते, आणि आम्हा सगळ्यांचा रागही येतो. हे आलं कुठून, एवढंच आम्ही एकमेकांना विचारत बसलो. जिला आतून ठाऊक होतं, तिला कोणी काही विचारलंच नाही. आज ती असती तर मी म्हटलं असतं, "आत्या, तू आजीले कधी माय म्हणून हाक नाई मारली. पन तुहा जीव होता का वं तिच्यावर?"

तिनं नुसती मान हलवली असती तरी मला पुरलं असतं.